हिरडीतली गाय

१२ ऑगस्ट
वरचा पुढचा दात, डावीकडचा, गेल्यात जमा. जागेवर आहे पण जीभ लावली की हलतो. कारण लोणावळ्याची चिक्की. पुण्या-साताऱ्याचे जजमान पितरांना मोक्ष द्यायला काशीला येतात आणि उपाध्यांच्या बायकोला चिक्की आणतात. काशीत जणू गूळच मिळत नाही.
तसा दात जुनाच मेलेला. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर पडले होते तेव्हा त्याची नस काढून वर टोपी बसवली होती. आता आत काहीतरी फुटलं. कट्ट असा आवाज आला, माझ्याच डोक्यात.
यांना दाखवला. जप चालू होता. एक डोळा उघडून म्हणाले, "लवंग धर." डोळा मिटला. संपली चौकशी.
रात्री पातळ भात खाल्ला. यांना आणि भाऊजींना पोळ्या लागतातच, त्या केल्या.

१४ ऑगस्ट
मेधाकडे जाऊन आले. पलीकडच्या गल्लीतल्या वैद्यांची धाकटी, मैदागिनला दातांचा दवाखाना आहे तिचा. फ्रॉकमध्ये असताना आमच्याकडे हळदीकुंकवाच्या दिवशी हरभरे ढापायची. आता माझ्या तोंडात आरसा घालून म्हणते, "काकू, जीभ मत हिलाओ."
मुळाला उभी चीर. काढावाच लागणार. तिथवर मला ठाऊकच होतं. पुढचं नवीन.
दात काढला की त्याला धरून ठेवणारं हाड बेकार होतं आणि झिजत जातं. पुढच्या दाताचं तर फारच लवकर, कारण बाहेरची भिंत पापडाइतकी पातळ. मग वरचा ओठ आत जातो. पुढेमागे पक्का दात बसवायचा म्हटलं तर स्क्रू रोवायला हाडच नाही. म्हणून खड्डा साफ करून त्यात कॅल्शियमची भुकटी भरायची आणि वरून पडदा घालून टाके मारायचे. पडदा कशाला, विचारलं. तर म्हणे हिरडी भराभर वाढते, हाड सावकाश. पडदा नसला तर हिरडीच आत घुसून जागा बळकावते. पडद्याने तिला बाहेर थोपवायचं, तोवर आत हाड तयार होतं.
पहिल्यांदा कोणीतरी मला काहीतरी नीट समजावून सांगितलं. बी.एस्सी. आहे मी, ग्वाल्हेरची, वनस्पतिशास्त्र. या घरात ते फक्त तुळशीला पाणी घालायला उपयोगी पडलं.
उजवीकडची खालची दाढ अशीच काढली होती, आमची पल्लवी शाळेत होती तेव्हा. तेव्हा हे म्हणाले, दाढच ती, कोण बघतंय. तिथे आता नुसती घळ आहे. गाल आत गेलाय. फोटो काढताना मी डावी बाजू पुढे करते, आणि आता डावीकडचाच जाणार. नाही. हे हाड मी जाऊ देणार नाही. काय वाट्टेल ते होवो.

१५ ऑगस्ट
घोडचूक केली. जेवताना सांगून बसले की पडदा तीन तऱ्हेचा मिळतो. एक गायीच्या टाचेच्या शिरेपासून केलेला, तो आपोआप विरघळतो. एक डुकराचा, तोही विरघळतो. तिसरा प्लास्टिकचा, तो महिन्याभराने काढावा लागतो.
भाऊजींचा घास हातातच राहिला.
भाऊजी म्हणजे यांचे थोरले बंधू. विधुर. पेन्शन नाही, काम नाही, घरातल्या धर्मशास्त्राचं खातं सांभाळतात. ताटावरून उठले आणि सरळ माडीवर पोथ्यांकडे गेले. वाटीतली खीर आधी संपवली, हेही लिहून ठेवते.

१८ ऑगस्ट
माझ्या तोंडाची सभा भरली. भाऊजी, हे, आणि भाऊजींचे दोन मित्र, दोघेही कवळीवाले. मला चहा करायला आत पाठवलं. तोंड माझं, सभा यांची.
आतून सगळं ऐकू येत होतं. डुकराचं नावच नको असं एकमताने ठरलं. गायीवर बराच वेळ गेला. एक कवळी म्हणाली, औषधाला दोष नाही. दुसरी कवळी म्हणाली, औषध पोटात जातं, हे तर हाडात राहणार. मग म्हणे माणसाच्या स्वतःच्या रक्ताचाही पडदा करतात, कोणाच्या तरी पुतण्याने केला होता. भाऊजी म्हणाले, रक्त गिळलं जाईल, अभक्ष्यभक्षण. प्लास्टिक मात्र निर्जीव, त्याला विटाळ नाही. म्हणजे ज्या प्लास्टिकच्या पिशवीत बाजारातून फुलं आणली तर हेच भाऊजी फुलं फेकायला लावतात, ते माझ्या जबड्यात चालेल.
हेही ठरलं की पडदाच न घालणं सर्वांत उत्तम. भाऊजींचं वाक्य जसंच्या तसं: "साठीला आलेल्या बाईला हाड कशाला हवंय?"
यांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते यांनाही ठाऊक नसावं.
सगळा खटाटोप कशासाठी ते मला काय कळत नाही? पुढच्या महिन्यात पितृपक्ष. वरच्या खोल्यांमध्ये जजमान उतरणार, रोज दोन-तीन श्राद्धं. वडे, खीर, आमटी, अळू, सगळं सोवळ्यात, माझ्या हातचं. माझी काळजी नाही. चुलीची काळजी.

२० ऑगस्ट
पल्लवीचा लखनौहून फोन. सगळं सांगितलं. हसत सुटली. "आई, तू पण ना, बताया ही क्यों? चुपचाप करवा लेती." बरोबर आहे पोरीचं. पण गप्प राहून करून घ्यायचं तर मग आयुष्यभर गप्पच राहावं लागतं. ते आपल्याने होत नाही आता.
प्लास्टिकला परवानगी मिळाली आहे. 'परवानगी' हा शब्द यांनी वापरला. मी पीठ मळत होते, जोरात मळलं.

२२ ऑगस्ट
दात काढला.
खुर्चीत बसल्यावर मेधाने विचारलं, काकू, काय ठरलं? काका म्हणत होते प्लास्टिक. मी विचारलं, तुझी आई असती तर काय घातलं असतंस? ती म्हणाली, विरघळणारा, कारण बाहेरची भिंत फारच पातळ आहे, काढायला परत तिथे हात घालावा लागू नये. पण प्लास्टिकनेही काम होईल.
म्हटलं, गायीचा घाल.
"पक्का?"
"पक्का."
दुखलं नाही. नुसतं ओढणं आणि करकर. पडदा घालायच्या आधी तिने दाखवला. पांढरा, ओल्या पापुद्र्यासारखा, नखाएवढा. एवढ्यासाठी चार पंडित बसले होते.
सूचना: बर्फ. गरम नको. पुढच्या दातांनी चावायचं नाही. ओठ उचलून बघायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खळखळून चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. पाणी तोंडात घेऊन तसंच खाली सोडून द्यायचं. चुळीच्या जोराने टाके सैल होतात.
संध्याकाळ.
घरी आले. भाऊजी दारातच. प्लास्टिकच ना, असं विचारलं. तोंडात बोळा होता. पाटीवर लिहून दाखवलं असतं तरी चाललं असतं, पण मला बोलायचं होतं. बोळा काढला आणि म्हटलं, "गायीचा."
भाऊजी दोन पायऱ्या मागे सरले. मी दाताचा खड्डा घेऊन त्यांच्या अंगावर धावून जाणार होते जणू.
यांनी विचारलं, मुद्दाम केलंस? मी हो म्हटलं.
ओठ सुजलाय, अर्धा चेहरा बधिर. आणि तरी बऱ्याच वर्षांनी बरं वाटतंय.

२४ ऑगस्ट
आता मी दोन प्रकारांनी बाद. एक गाय, आणि दुसरं म्हणजे जेवून चूळ न भरल्यामुळे तोंड सतत खरकटं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. पाण्याच्या हंड्याला हात नाही. देवघर तर बघायचंही नाही.
खुर्ची टाकून गच्चीत बसले. गंगेला पाणी चढलंय, घाटाच्या वरच्या पायऱ्याच तेवढ्या दिसतात. दु. झोपले. दुपारी झोपण्याची ही लग्नानंतरची पहिली वेळ असावी, बाळंतपणं सोडून.
स्वयंपाक खानावळीतून. भाऊजींना बाहेरचं चालत नाही, म्हणून ते फक्त दही-पोहे खातात, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पोट धरतात.

२७ ऑगस्ट
चतुर्थी. मोदक नाहीत. नैवेद्याला चौकातल्या दुकानातले पेढे. भाऊजींनी पेढ्याला शास्त्राधार शोधला, लगेच सापडला. माझ्या पडद्याला शोधायला इतके दिवस लागले होते.
हे म्हणाले, निदान उकड कशी काढायची ते लांबून सांग. मी सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, जाऊ दे, पेढेच बरे. गणपती बिचारा पक्का बनारसी झाला यंदा.
मेधाला फोन केला. सूज उतरलीय, ठीक आहे म्हणाली.

३० ऑगस्ट
मूर्ख. मूर्ख. मूर्ख.
सकाळी उठले, झोपेतच मोरीवर गेले, तांब्या उचलला आणि चूळ भरली. जोरात. गाल फुगवून, खळखळून, लांब थुंकून. तिसऱ्या चुळीला जाग आली. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, चूळ अशी भरावी की आवाज अंगणात गेला पाहिजे. माझा गेला.
तोंडात दोरा लोंबतोय.
इतके दिवस मी या दोघांना हसले. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? त्यांचं डोक्यात आहे, माझं हातापायात. हाताला तांब्या दिसला की बी.एस्सी. गेली चुलीत.

३० ऑगस्ट, संध्याकाळ
मेधाकडे धावले. एक टाका सुटलाय, पडद्याची कड उघडी पडलीय, पांढरी रेघ. ती रागावली नाही, याचाच मला राग आला. सलाईनने धुतलं, परत टाका नाही मारला. म्हणाली, उघडा पडला की हा लवकर विरतो, हिरडी कदाचित वरून भरून येईल, कदाचित थोडं हाड जाईल. आता काही घाण जाता कामा नये तिथे. औषधाचं पाणी दिवसातून दोनदा, नुसतं धरून ठेवायचं. बस्स.
विचारलं, किती जाईल? म्हणाली, आत्ता कोणीच सांगू शकत नाही.
घरी कोणाला सांगितलं नाही. सांगायला घरी आहे कोण?

२ सप्टेंबर
पितृपक्ष तोंडावर आला आणि घराला जाग आली. साताऱ्याचे जजमान पहिल्याच दिवशी, मग नगरचे, मग एक मोठं कुटुंब मिरजेचं. खानावळीचं अन्न पितरांना चालत नाही. बाहेरून सोवळ्याची बाई आणायची म्हटलं तर या दिवसांत काशीत मिळत नाही, आणि मिळाली तर भाऊजी तिचं गोत्र विचारतात.
म्हणून भाऊजींनी मार्ग काढलाय. प्रायश्चित्त. गायीचा दोष, म्हणून पंचगव्य. दूध, दही, तूप, गोमूत्र, शेण. मंत्र म्हणून प्यायचं, की मी शुद्ध, की चूल पेटली.
मला आधी नीट कळलंच नाही. परत विचारलं. हो, तेच. गायीची नखाएवढी शीर तोंडात आहे म्हणून बाटले, आणि त्यावर उतारा म्हणून गायीचं शेण त्याच तोंडात. उघड्या जखमेवर.
मी म्हटलं, पुन्हा एकदा बोला, भाऊजी, तुमच्याच कानांनी ऐका. त्यांनी परत सांगितलं, शांतपणे, संस्कृतसकट. भाऊजींना लाज कशी नाही वाटत? वाटतच नाही. शोधून काढली तरी सापडणार नाही.
मेधाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "काकू, प्लीज. टाक्यांवर शेण? नाही. एकदम नाही."

४ सप्टेंबर
टाके काढले. पांढरी रेघ तशीच.
टाके काढून झाल्यावर मेधा उगीच ट्रे इकडेतिकडे करत राहिली. मग तिने सांगितलं की काल काका येऊन गेले. म्हणजे हे. मला न सांगता.
तिने यांना समजावलं की पडदा उघडा आहे, आत घाण गेली तर पू होईल, सगळं हाड जाईल. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाड गेलं तर काय होतं? स्वयंपाक तर हातानेच करते ना ती."
मेधाने हे मला सांगायला नको होतं. बरं झालं सांगितलं.
पायीच आले. काळभैरवाच्या बाजूने, गर्दीतून. कोणी धक्का दिला तर भांडायचं ठरवून. कोणी दिला नाही.
इतकी वर्षं वाटायचं, भाऊजी दुष्ट आणि हे नुसते मऊ. मऊ नाहीत. यांना प्रश्नच खरा पडलाय. हाड गेलं तर काय होतं, हे यांना खरोखर माहीत नाही. माझ्याशी लग्न झालं तेव्हापासून यांनी माझं तोंड पाहिलेलंच नाही.

५ सप्टेंबर
जेवणाच्या वेळी सांगून टाकलं. पंचगव्य पिणार नाही. आज नाही, पितृपक्षात नाही, हाड भरेपर्यंत नाही, नंतरचं नंतर. हवं तर मला ग्वाल्हेरला पाठवा.
भाऊजी म्हणाले, जजमानांचे पितर उपाशी जातील, ते पाप कोणाच्या माथी? मी म्हटलं, ज्याला रांधता येत नाही त्याच्या.
यांनी ताटाखालचं पाणी पुसलं. तेवढंच केलं.

६ सप्टेंबर
भाऊजींना पोथीत वाट सापडली. सापडणारच. रोगी माणसाला प्रायश्चित्त झेपत नसेल तर प्रतिनिधी चालतो. पत्नीसाठी पती. म्हणजे पंचगव्य हे पिणार, आणि शुद्ध मी होणार.
यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दूधसुद्धा साय काढून पितात हे.
मी म्हटलं, माझी काही हरकत नाही.

७ सप्टेंबर
सकाळी झालं. संकल्प, मंत्र, पळी. मी गच्चीच्या कठड्यावरून वाकून सगळं पाहिलं. एकही क्षण चुकवला नाही.
पहिल्यांदा प्याले आणि लगेच ओकले. भाऊजी म्हणाले, बाहेर पडलं ते धरत नाहीत, पुन्हा. पुन्हा प्याले. या वेळी नाक दाबून, डोळे मिटून, मागच्या भिंतीचा आधार घेऊन. राहिलं पोटात. भाऊजी स्वतः लांब बसले होते, वास येऊ नये इतके लांब.
नंतर हे वर आले. चेहरा हिरवट. वेलदोडा हवा होता, ते दिसत होतं. डबा कुठे असतो ते यांना ठाऊक नाही. मी दिला नाही.
जरा वाईट वाटलं. लिहून ठेवते, कारण उद्या मी नाकबूल करीन.

८ सप्टेंबर
प्रतिपदा. पहाटे यांनी माझं सोवळं वाळत घातलं होतं. स्वतः. भाऊजी चौरंगावर तांदूळ निवडल्यासारखं करत होते. जजमान न्हायला गेले होते. चूल थंड, घर तयार, सगळे माझ्याकडे बघतायत. शुद्ध झाले ना मी.
मी म्हटलं, "पंचगव्य तुम्ही प्यालात. शुद्ध तुम्ही झालात. तुम्हीच रांधा."
भाऊजींनी माडीच्या जिन्याकडे पाहिलं, पोथ्यांच्या दिशेने.
हे उभे राहिले तसेच. मग दोरीवरून सोवळं काढून नेसले. माझंच होतं, नऊवार, तर ते चारदा गुंडाळलं. आत गेले. बऱ्याच वेळाने धूर आला.
दोन वाजता पानं वाढली. मी जेवायला गेले नाही. साताऱ्याचे जजमान भले लोक, पोटभर जेवले असं निदान सांगून तरी गेले.

११ सप्टेंबर
रोज रांधतायत. वडे कच्चे, आमटी पाणी, भात कधी खळ तर कधी अक्षता. उडदाची डाळ भिजत घालायची असते हे काल रात्री कळलं, ते कोणाला तरी फोन करून. मला विचारत नाहीत. मला विचारायची लाज वाटते की राग आलाय, कळत नाही. दाराआडून पाहिलं. आमसुलाच्या चटणीत आमसुलं न भिजवता, अख्खी घातली होती.
हसू आलं आणि ओठ ताणला. मेधाने मना केलंय.
भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. आमच्या लग्नात ते आजारी पडून आले नव्हते, त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी केलेली ही दुसरी चांगली गोष्ट.

१८ सप्टेंबर
मेधा. पांढरी रेघ गेलीय. हिरडी सरकून वर आलीय, फिकी गुलाबी, नव्या कातडीसारखी. पडदा उरलाय की विरला, सांगता येत नाही. खाली हाड आहे की नुसती हिरडीच आत शिरली, तेही आत्ता सांगता येत नाही. मार्गशीर्षात हाडाचा फोटो काढायचा. हाड असेल तर दात, नसेल तर मांडीचं की हनुवटीचं हाड घ्यायचं म्हणे, ते नंतर बघू.
बोट लावून पाहिलं तिच्यासमोर. टणक लागलं. पण मला टणक लागावंसं वाटतंय, त्याचा काय भरवसा.
हे विचारत होते, काय म्हणाली. मी सांगितलं, मार्गशीर्षात. मान हलवली. हाताला चटका बसलाय यांच्या, अंगठ्यावर मोठा फोड. तेल लावलं होतं, मोहरीचं. वेडे.

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. आज मिरजेचं कुटुंब, शिवाय दोन जजमान. यांनी पहाटेपासून चूल धरली. मी माजघराच्या दारात पाटावर बसले होते, आत न जाता.
पानं वाढली. आमटी करपली होती, वास थेट बाहेर. वडे बाहेरून काळे. खीर बरी असावी, बिघडायला त्यात फार काही नसतं.
भाऊजी जेवायला बसले. मी बघत होते. या घरात आल्यापासून भाऊजी माझ्या हातचं जेवताना दोनच गोष्टी बोलले आहेत, मीठ कमी आणि मीठ जास्त. श्राद्धाच्या दिवशी तेही बोलायचं नसतं म्हणून नुसती भुवई. त्या भुवईच्या भीतीने मी कितीदा आमटी पुन्हा केली आहे. तापात केली आहे. पल्लवी पोटात असताना, मोरीवर जाऊन ओकून, परत येऊन केली आहे.
आज भाऊजींनी करपलेली आमटी भुरकली. दुसऱ्यांदा मागितली. आणि मान वर करून यांना म्हणाले, "छान जमलीय रे आमटी. किती करशील एकटा."
मी उठले. गच्चीत गेले. रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं, असं लिहिणार होते. दोन्हींचं होतं. त्या माणसाला येतं बोलता. इतकी वर्षं येत होतं.

२२ सप्टेंबर
जजमान गेले. घर रिकामं. दुपारी हे गच्चीत आले, माझ्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसले. अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं.
मग म्हणाले, "दादा तुला कधी असं म्हणाला?"
"काय?"
"आमटीचं."
"नाही."
खाली कोणीतरी होडी धूत होतं, त्याचा आवाज येत होता. यांनी अंगठ्याचं फडकं सोडलं, परत बांधलं.
"मीही नाही," म्हणाले.
मी थांबले. मला वाटलं, आता म्हणतील. इतकं रांधलं, चटके बसले, शेण प्याले, आता तरी. तोंड उघडलं यांनी. मीही यांच्याकडे वळले, नीट, समोरून, दातांच्या खिंडीसकट, लपवलं नाही.
म्हणाले, "कढी कशी करतात? फुटते सारखी."
सांगितली नाही. पण उठूनही गेले नाही. तिथेच बसले आहे.